हात लावू नये

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला शेठचं नाव घ्यावं लागतं. आईवडिलांनी जन्म दिला, शाळेतल्या गुरुजींनी शिकवलं, पण या शहरात मला उभं केलं ते शेठनी. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. भाईंदर पूर्वेला सगळे त्यांना शेठच म्हणत आणि त्यांनाही तेच आवडत असे.

"ऱ्हाऊ दे रे. खातंय काय तुजं?"

हे त्यांचं वाक्य. ते म्हणताना डाव्या हाताचा पंजा ते हवेत खाली दाबायचे, समोर कुणी उठायला बघतंय आणि त्याला परत बसवायचंय असा. बंद पडलेला प्रिंटर भंगारात द्यायचा का, सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड बदलायचा का, खिडकीत मेलेलं कबूतर काढायचं का, सगळ्याला उत्तर एकच. कबूतर शेवटी खालच्या गाळ्यातल्या माणसांनी काढलं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. काही न करण्याला तो अनुभव म्हणतो, आणि आजूबाजूचे लोक मान डोलावतात. मीही तीन वर्षं डोलावली.

शेठ मूळचे राई गावचे. वडिलांची मिठागरं होती, ती गेली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या. मिठागरं चालू होती तेव्हाच शेठनी आधी केबलच्या तारा ओढल्या, मग सायबर कॅफे काढला, मग दवाखाने, शाळा आणि सोसायट्यांना सॉफ्टवेअर करून द्यायला लागले. आमचं ऑफिस औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर होतं. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा. त्याची काळी बारीक धूळ जिन्यावरून चढून आमच्या टेबलांवर बसायची. एका कोपऱ्यात काचेची खोली, तिच्यात एसी, आणि एसीत आमचा एकुलता एक सर्व्हर. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालून शेठ त्याच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढायचे. दर वर्षीचं बोट वेगळं दिसायचं, कारण आधीचं कुणी पुसत नसे.

मी करमाळ्याहून आलो होतो. वडील बाजार समितीत हमाल. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि ती पदवी घेऊन मी या शहरात चार महिने फिरलो होतो. शेठनी माझी घेतलेली मुलाखत ही अशी:

"काय शिकलास?"

"बी.एस्सी. कॉम्प्युटर."

"पास हायस का?"

"फर्स्ट क्लास."

"मंग बस तिकडं. ए, या ग्रॅज्युएटला खुर्ची द्या."

तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. राहायला जागा नाही म्हणालो तर खारी गावातल्या त्यांच्या घराची वरची खोली दिली. दुसऱ्या वर्षी वडिलांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. मी सुट्टी मागायला गेलो, तर शेठ म्हणाले, "तू काम कर. तुज्या बापाला मी नेतो." आणि खरंच नेलं. स्वतःच्या गाडीतून. ऑपरेशन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले, नंतर वडिलांना हाताला धरून जिना चढवला. वडील अजून म्हणतात, "त्यो देवमाणूस हाय." ज्याला वडील देवमाणूस म्हणतात त्याचा तिरस्कार करायला वेळ लागतो. मलाही लागला.

आता कामाचं सांगतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. रिपोर्टचा छापील कागद तयार करणं, फोटो चढवणं अशी कामं आपण नव्यानं लिहीत नाही, ती लायब्ररीकडून करून घेतो. लिहिणारे लोक तिच्यात सापडलेली भोकं बुजवून दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती काढतात. नवी आणायची, आपलं काम तिच्यावर हलवायचं, आणि जुनी सर्व्हरवरून काढून टाकायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. जुनी कुणी वापरत नसलं तरी तिथे पडून राहिली तर तिच्यातलं भोक तसंच राहतं. चोराला तुम्ही नव्या दाराला किती कुलपं लावली त्याच्याशी देणंघेणं नसतं. तो जुन्या दारानं येतो.

शेठची पद्धत वेगळी. नवी आवृत्ती आली की ते ती जुनीच्या शेजारी ठेवायचे. पुढची आली की तीही शेजारी. सर्व्हरवर एकाच लायब्ररीच्या तेवीस जुन्या आवृत्त्या होत्या, तेवीस फोल्डरमध्ये. फोल्डरची नावं शेठनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेली: जुनं चालू, जुनं चालू दोन, बहुतेक नवीन, शेवटचं, शेवटचं खरं. आणि एकाचं नाव होतं, हात लावू नये. ते फक्त शेठच्या पासवर्डनं उघडायचं.

"यात काय आहे शेठ?"

"नाव वाचता येतं ना? ग्रॅज्युएट हायस."

"पण ही आवृत्ती फार जुनी आहे. हिच्यात भोक आहे. जगाला माहीत आहे."

"ऱ्हाऊ दे रे. खातंय काय तुजं?" आणि पंजा खाली.

त्यांचं एक अभिमानाचं वाक्य होतं, "एवढी वर्षं माजा सर्व्हर कधी पडला न्हाय." गिऱ्हाइकासमोर ते हे हमखास म्हणायचे. पडला नव्हता हे खरंच होतं. कुणी हलवलाच नाही तर मढंही पडत नाही.

मी हळूहळू त्यांना ओळखायला लागलो. त्यांना वाटायचं आपण जपतोय. मला दिसायचं की ते घाबरतायत. कुठली वस्तू कुठल्या वस्तूला धरून उभी आहे हे त्यांना आता आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे कबूल करायचं नव्हतं. म्हणून कशालाच हात लावायचा नाही. आणि जो लावायला जाईल त्याला हसायचं. आमच्याकडे एक हुशार मुलगी होती, तिनं एकदा सगळं नीट लावायचा प्रस्ताव लिहून दिला. शेठनी तो कागद वडापावच्या खाली घेतला. ती महिन्याभरात सोडून गेली. तेव्हा मी तिला मूर्ख समजलो होतो.

मी भिडस्तपणे, आडून सुरुवात केली. ऑफिसात एक पांढरा फळा होता. त्यावर मी तेवीस ओळी लिहिल्या: कुठली आवृत्ती, कुठलं गिऱ्हाईक ती वापरतं, काढता येईल का. रिकामा वेळ मिळेल तसा शोध घेत महिनाभर भरत गेलो. शेवटच्या ओळीसमोर, 'हात लावू नये'समोर, लाल खूण केली. शेठ आले, कंबरेवर हात ठेवून वाचलं.

"अक्षर चांगलं हाय तुजं," म्हणाले, आणि चहा प्यायला खाली गेले.

त्याच सुमारास डॉक्टरबाईंचं काम निघालं. डॉक्टरबाईंचा मीरा रोडला स्त्रियांचा दवाखाना होता. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायका, त्यांच्या तपासण्या, त्यांचे रिपोर्ट, सगळं आमच्या सर्व्हरवर. त्यांच्या काउंटरवर ग्रेसी बसायची. उत्तनची, पंचविशीची, घरात कमावणारी ती एकटी. वडिलांची होडी विकून झालेली. तिची माझी ओळख फोनवरची.

"दादा, रिपोर्ट उघडत न्हाय."

"पान रिफ्रेश केलंत?"

"तीनदा केला. आता पेशंट मला रिफ्रेश करंल."

डॉक्टरबाईंकडे तपासणी होणार होती. त्यात सॉफ्टवेअरवाल्यांकडून एक कागद हवा होता की दवाखान्याचं काम नव्या आवृत्तीवर आहे आणि जुन्या सगळ्या काढलेल्या आहेत. गिऱ्हाईक मोठं होतं, त्यामुळे शेठनी प्रथमच मला मोकळं सोडलं. दवाखान्याचं काम मी दोन दिवसांत नव्यावर हलवलं. मग एकेक जुनी आवृत्ती काढत गेलो. आधी कुणी वापरतंय का ते बघायचं, असेल तर त्याचंही काम नव्यावर हलवायचं, मग ती दोन दिवस बाजूला ठेवायची, कुणाचा फोन आला नाही की पुसायची. प्रत्येक वेळी फळ्यावरची एक ओळ खोडायची. आयुष्यात इतकं समाधान मला पदवीच्या दिवशीही मिळालं नव्हतं. बावीस ओळी खोडल्या. एक राहिली.

"शेठ, पासवर्ड द्या. हे एवढं काढलं की झालं."

शेठ उठले. मला वाटलं सर्व्हरच्या खोलीत चाललेत. ते बेसिनकडे गेले, फडकं ओलं केलं, फळ्यापाशी आले आणि तेविसावी ओळ पुसली. लाल खूण लवकर जाईना, ती नखानं खरवडली.

"झाली सफाई," म्हणाले. "कागद बनव. सही तू कर. आमची सही काय कामाची, आम्ही दहावी."

मी सही केली. हे वाक्य मी गाळलं असतं तर हे लिखाण वाचायला बरं झालं असतं, पण मी सही केली. जुन्या सर्व आवृत्त्या काढल्या आहेत, खाली माझं नाव, कंसात बी.एस्सी. सही करताना मला वडिलांचा हिरवी पट्टी बांधलेला डोळा आठवत होता. शेठना त्याची मुद्दाम आठवण करून द्यावीही लागली नाही.

दोन महिन्यांनी दवाखान्यातल्या बायकांना फोन यायला लागले. बोलणाऱ्याला त्यांची नावं माहीत, तपासण्या माहीत, कशात दोष निघाला तेही माहीत. आमच्याकडे औषध आहे, घ्या, असं सांगायचा. एका घरी फोन सासूनं उचलला. सुनेनं जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या माणसानं सासूला सांगून टाकलं. ती सून दवाखान्यात आली आणि फक्त आपली फाईल परत मागितली.

डॉक्टरबाईंनी शेठना आणि मला बोलावलं. ग्रेसी दाराशी उभी होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. शेठनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मॅडम, आमच्याकडं सगळा क्लीन हाय. ही बघा याची सही. ग्रॅज्युएट पोरगा हाय, लबाड न्हाय." मग दाराकडे न बघता म्हणाले, "तुमी काउंटरला बघा. पोरींचे पासवर्ड मोबाईलमधे असतात. मोबाईल बॉयफ्रेंडच्या हातात असतो. मी कुणाचं नाव घेत न्हाय."

"मी कुणाला न्हाय दिला पासवर्ड," ग्रेसी म्हणाली. "मॅडम, माझ्या मोबाईलची काच फुटलीय. त्यात धड फोन लागत न्हाय."

डॉक्टरबाई थकलेल्या होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुमच्या बाजूनं सगळं काढलेलं आहे ना?"

टेबलावर कागद होता आणि कागदावर माझं नाव. मी म्हणालो, "सही माझीच आहे." उत्तर म्हणून ते चाललं. शेठनी त्या दिवशी मला प्रथमच पाठीवर थाप मारली.

डॉक्टरबाईंनी ग्रेसीला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, काय झालं ते कळेपर्यंत घरी थांब. कळेपर्यंत म्हणजे कायमचं, हे सगळ्यांना समजलं. असं नाव खराब झालेल्या मुलीला दुसऱ्या दवाखान्यात कोण काउंटरवर बसवणार. जिन्यात ती मला गाठून बोलली. रडत नव्हती. कामाचं विचारावं तसं विचारत होती.

"दादा, तुमी कंप्युटरवाले. चोर कुठून आला ते कंप्युटरमधे लिवलेला असतो ना?"

"असतं."

"मग बघा ना."

मला आजवर कुणी याहून सोपं काम सांगितलेलं नाही. मी ऑफिसात गेलो आणि पाहिलं. सर्व्हरकडे कोण कधी कुठल्या वाटेनं आलं याची नोंद असते. वीस मिनिटं लागली. चोर ग्रेसीच्या पासवर्डनं आलाच नव्हता. कुणाच्याच पासवर्डनं नाही. तो 'हात लावू नये'मधल्या जुन्या आवृत्तीच्या भोकातून आला होता. मोठी रांग होती नोंदींची, पहाटेपासून दुपारपर्यंत, घरातल्यासारखा ये-जा करत होता.

मी नोंदी छापून शेठपुढे ठेवल्या. ते जेवायला बसले होते. डब्यातली बोंबलाच्या कालवणाची वाटी त्यांनी कागदापासून लांब सरकवली, एवढी काळजी घेतली. वाचलं. त्यांना समजलं, हे मला दिसलं. माणूस अज्ञानी असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"ऱ्हाऊ दे रे," म्हणाले. पंजा खाली. "खातंय काय तुजं?"

"शेठ, तिची नोकरी जातेय."

"मी लावतो तिला दुसरीकडं. माज्या भाच्याचं दुकान हाय, मोबाईलचं."

"तिला चोर म्हणालात तुम्ही."

"मी नाव घेतला का? घेतला का नाव?" मग घास घेऊन, अगदी सहज, "बापाचा डोळा बरा हाय ना आता?"

त्या क्षणापर्यंत मी त्यांना घाबरट समजत होतो. घाबरट माणसाची कीव येते. पण उपकार असे जपून ठेवायचे, जुन्या आवृत्त्यांसारखे शेजारी शेजारी लावून, आणि गरज पडली की एखादा काढून समोर ठेवायचा, या हिशेबीपणाची मला शिसारी आली. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांत बाजार समितीचे हमाल आहेत, ज्यांनी माझ्या फीसाठी एक दिवस जास्त पोती उचलली. त्यांतल्या एकानंही मला कधी, वाचतोस ना रे नीट, यापलीकडे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नोंदींचे कागद आणि माझ्या सहीच्या कागदाची प्रत घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो. काउंटर रिकामा होता. ग्रेसीची पाण्याची बाटली तिथेच होती.

डॉक्टरबाईंनी सगळं वाचलं. "म्हणजे तुम्ही खोटं लिहून दिलंत."

"हो."

"आणि काल इथे बसून गप्प राहिलात. ती उभी असताना."

"हो."

"का?"

मला वडिलांच्या डोळ्याबद्दल सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर मीही शेठच झालो असतो. मी म्हणालो, "मी भ्यालो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिरस्कारानं बघणारा माणूस कसा दिसतो हे मला तेव्हा समोरून कळलं, तोवर तसं बघणारा मी होतो. मग त्यांनी फोन उचलून ग्रेसीला लावला आणि माझ्यासमोर तिची माफी मागितली. ज्या बायकांना फोन आले होते त्यांना बोलावून खरं काय झालं ते सांगायचं असंही त्यांनी ठरवलं. त्या सुनेच्या घरी त्या स्वतः गेल्या. तिथे काय झालं ते मला माहीत नाही आणि विचारायचा मला हक्क नाही.

ग्रेसी परत आली. मी एकदा कामासाठी गेलो तेव्हा म्हणाली, "बघितलंत ते बरा केलात दादा. एक दिवस लेट बघितलात." आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

डॉक्टरबाईंनी शेठना कळवलं की दोन दिवसांत ते फोल्डर गेलं पाहिजे, नाहीतर त्या पोलिसांत जातील. त्या दिवसापासून शेठ ऑफिसात यायचे थांबले. मला वाटलं होतं ते येऊन शिव्या देतील, खोलीतून बाहेर काढतील. त्यांनी फक्त फोन केला. पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर, दोनदा.

"तूच काढ," म्हणाले. "उघडून बघू नको. डायरेक काढ."

फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं. कामकाज आता त्यांचा पुतण्या बघतो. शेठ राईलाच असतात, खाडीच्या अंगाला बसलेले दिसतात असं लोक सांगतात. ऑफिसात त्यांची खुर्ची आहे, पाठीला टॉवेल तसाच अडकवलेला. नंतर एकदा गेलो तेव्हा पुतण्याला मी म्हणालो, टॉवेल काढायचा का, तर तो म्हणाला, राहू दे. तो ते वाक्य अर्धंच म्हणतो.

मी नोकरी सोडली, खोली सोडली, आणि जाण्याआधी शेठना एक पत्र टाकलं. उत्तर आलं नाही, यावं अशी अपेक्षाही नव्हती. त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

तीर्थस्वरूप शेठ यांस,

सा. न. वि. वि. खोलीची किल्ली घरी वहिनींकडे दिली आहे. खोली झाडून, पुसून दिली आहे.

तुम्ही उघडून बघू नको म्हणालात. मी बघितलं. पुसण्याआधी बघायचं, असं मी शिकलोय, आणि तुमच्या शब्दावर न बघता एक सही मी आधीच केलेली आहे.

आत दवाखान्याचं काही नव्हतं. कुठल्याच गिऱ्हाइकाचं नव्हतं. एक छोटा प्रोग्रॅम होता, तुम्ही लिहिलेला. तो रोज सकाळी एक पान तयार करायचा. वर मोठ्या अक्षरांत 'बाबांसाठी', खाली राईच्या खाडीची त्या दिवसाची भरती-ओहोटी, आणि शेवटी एक ओळ, मिठागराच्या बांधातलं भरतीचं पाणी आत घ्यायचं दार, तुमची उघाडी, आज उघडायची की नाही. अक्षरं एवढी मोठी का ते मला समजलं. माझ्या वडिलांनाही डोळा करायच्या आधी तेवढीच दिसत असत.

तुमचे बाबा गेले त्याला किती वर्षं झाली ते मला ठाऊक नाही. मिठागरांवर आता कुठल्या इमारती आहेत ते ठाऊक आहे, मी त्यांच्यासमोरून जातो. तरी पान रोज तयार होत होतं. सगळी पानं तारखेनं आत होती. शेवटी कधी कुणी उघडलं ते सर्व्हर सांगतो. फार जुनी गोष्ट आहे.

या पानासाठी तुम्ही ती आवृत्ती ठेवलीत. शेठ, तो प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर लिहायला मला अर्धा दिवस लागला असता. तुम्ही एकदा म्हणाला असतात, ग्रॅज्युएट, हे माझ्या बापाचं आहे, तर मी जेवण सोडून केलं असतं. तुम्हाला ते सांगायची लाज वाटली. ग्रेसीला चोर म्हणायची वाटली नाही. हे मला कळत नाही, आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी मी वाईट माणूस झालेला असेन असं वाटतं.

तुम्ही माझ्या वडिलांना हाताला धरून जिना चढवलात. ते मी विसरणार नाही. पण त्याच्या बदल्यात तुम्ही माझ्याकडून जे मागितलंत ते वडिलांना सांगितलं तर ते दुसऱ्या डोळ्यानंही तुमच्याकडे बघणार नाहीत. म्हणून मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुम्हाला देवमाणूस म्हणतात, त्यांनी तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितला होता. तो कळवतो.

फोल्डर काढलं आहे. या वेळी फळ्यावरून नाही. आतली पानं मी ठेवलेली नाहीत, ती माझी नव्हती. फक्त आज सकाळी तयार झालेलं शेवटचं पान छापून घेतलं, ते सोबत जोडलं आहे. आज अमावास्या. भरती साडेबाराला. शेवटच्या ओळीत लिहिलंय, उधाण आहे, उघाडी उघडावी.

आपला,
ग्रॅज्युएट